किनारे आणि कांठ

आमच्या नागपुरास समुद्र नाहीं. शून्य मैलाचा दगड आमच्या शहरांत उभा राहिल्यापासून आपण देशाच्या अगदीं बेंबींत बसलों आहोंत अशी आमची दृढ समजूत झाली असून, त्यामुळें चारी दिशांचे समुद्र आम्हांस सारखेच दूर व सारखेच हवेहवेसे वाटतात. सुटी लागली कीं आमचा सुशिक्षित वर्ग पाण्याकडे धांवतो यांत म्हणूनच नवल नाहीं. पूर्वीं तो पुरीस किंवा फार तर कोंकणांत जाई. हल्लीं जावा बेटास जातो. यासही आमची हरकत नाहीं. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या पंडितांशीं भांडून आमच्या पणज्यांनीं मिळविलेला हा हक्क आहे आणि तो पतवंडांनीं बजावावा हें रास्तच आहे. हरकत आहे ती तो ज्या रीतीनें बजावला जातो त्या रीतीला. जावाच्या सहलीचा एका दिवसाचा कार्यक्रम अलीकडे आमच्या वाचनांत आला. सूर्योदयास बोरोबुदुर, दहाच्या सुमारास प्रंबाननचीं मंदिरें, जेवणापूर्वीं अर्धा तास बाटिकचा कारखाना, आणि सूर्यास्तास परांगत्रितिसच्या पुळणीवर चहा. वारसा, हस्तकला आणि समुद्रकिनारा, तिन्ही एका दिवसांत. दर माणशीं अमुक रुपये, दुपारचें शाकाहारी जेवण धरून.

या सहलीहून परतलेली मंडळी घरोघर भेटतात. त्यांच्या बोलण्यांत दोन वाक्यें हटकून येतात. पहिलें, "हें सारें मूळचें आपलेंच हो!" आणि दुसरें, "त्या लोकांनीं आपली कला कशी जपली आहे पाहा, नाहीं तर आपल्याकडे!" दोन्ही वाक्यें एकाच तोंडून, बहुधा एकाच घोटभर चहाबरोबर निघतात आणि बोलणाऱ्यास त्यांत कांहीं विसंगति दिसत नाहीं. आम्हांस दिसते, आणि तिचाच विचार येथें करावयाचा आहे.

पहिल्या वाक्यापासून आरंभ करूं. १९२६ सालीं कलकत्त्यास 'बृहत्तर भारता'चा अभ्यास करणारी एक विद्वत्संस्था निघाली. दुसऱ्याच वर्षीं रवींद्रनाथ ठाकूर जावा व बली येथील प्रवासास गेले. त्या काळापासून हा अभिमान आमच्या वर्गाच्या हाडींमाशीं मुरला आहे. परतंत्र राष्ट्रास अशा अभिमानाची भूक असते, आणि त्या पिढीच्या विद्वानांनीं त्याच्यापायीं खरोखरच भाषा शिकून, शिलालेख वाचून, अपार कष्ट उपसले. त्यांस नांवें ठेवण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु आजच्या प्रवाशानें कष्ट तेवढे टाकून अभिमान मात्र जसाच्या तसा उचलला आहे. रामकथा येथून तेथें गेली हें खरें. पण प्रंबाननच्या भिंतीवर ती ज्यानें कोरली तो हात जावाचा होता, ज्या दगडांत कोरली तो दगड तेथल्याच ज्वालामुखीचा होता, आणि शैलेंद्र राजांच्या अमदानींत इ. स. ८०० च्या सुमारास बोरोबुदुरावर राबलेल्या पाथरवटांस वऱ्हाड-नागपुरांतून कोणी भाकरी पाठविली नव्हती. शेजाऱ्याच्या सुनेनें उत्तम स्वयंपाक केला म्हणजे "कृती आमच्याच घरची" म्हणणाऱ्या गृहस्थाची जी योग्यता, तीच या "आपलेंच हो"ची. शिवाय त्या गृहस्थाच्या घरीं चूल पेटलेली असते कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच.

दुसरें वाक्य अधिक महत्त्वाचें आहे, कारण त्यांत सत्याचा अंश आहे. जावाच्या लोकांनीं बाटिक टिकविलें. पण कसें टिकविलें? आमचा प्रवासी अर्ध्या तासांत कारखान्यांतून बाहेर पडतो तो हें न विचारतांच. तांब्याच्या बारीक तोंडाच्या लेखणींतून तापलेलें मेण कापडावर सोडीत बसलेल्या बायका त्यानें पाहिलेल्या असतात, त्यांचीं छायाचित्रें घेतलेलीं असतात, आणि दाराशीं मांडलेल्या ढिगांतून एक सदरा घेतलेला असतो. तो सदरा पुष्कळदां यंत्रावर छापलेला असतो व त्यास मेणाचा स्पर्शही झालेला नसतो.

टिकण्याचा इतिहास असा आहे. एकोणिसाव्या शतकांत डच व स्विस गिरण्यांनीं बाटिकची हुबेहूब नक्कल यंत्रावर छापून जावाच्या बाजारांत ओतली. आमच्याकडे मॅंचेस्टरनें जें केलें तेंच. जावांतील कारागिरांनीं त्यावर तांब्याचे ठसे काढून मेण जलद उठविण्याची युक्ति शोधली आणि स्वस्त मालास स्वस्त मालानें तोंड दिलें. हातच्या लेखणीचें कापड मात्र त्याच्या वरच्या मोलानें व मानानें चालूं राहिलें. डच गिरण्यांचा तो नकली माल पुढें आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खपूं लागला व तेथें त्यास स्वतंत्र प्रतिष्ठाही मिळाली, ती गोष्ट निराळी. ध्यानांत घ्यावयाचें तें एवढेंच कीं जावाचें गिऱ्हाईक कापड उलटून पाहत होतें. लेखणीचें काम दोन्ही अंगांनीं सारखें उमटतें. छापील कापडाची पाठ फिकी असते. कोणती नक्षी राजवाड्याची, कोणती लग्नाची, कोणती उत्तरेकडील बंदरांची, हें नेसणाऱ्या बाईस ठाऊक होतें. युनेस्कोनें २ ऑक्टोबर २००९ रोजीं इंडोनेशियाच्या बाटिकचें नांव आपल्या यादींत घातलें व तो दिवस तेथें बाटिकचा दिवस म्हणून पाळतात. पण यादींत नांव लागण्यापूर्वींच तेथील कारकून, शिक्षक व मंत्री कचेरींत बाटिक घालून जात होते. छापील नकलेचा सुळसुळाट तेथेंही आहेच. तरीसुद्धां अस्सल काय व नक्कल काय हें सांगणारे डोळे तेथील घराघरांत शिल्लक आहेत. कारागिरी जगते ती या डोळ्यांवर. तिला प्रेक्षक नको, पारखी गिऱ्हाईक हवें.

आतां जावा सोडून वैनगंगेकडे वळूं. कारण सहलीच्या कार्यक्रमांतील तिन्ही गोष्टी, म्हणजे वारसा, हस्तकला आणि पाण्याचा कांठ, नागपुराहून उमरेड-भिवापुरच्या वाटेनें सुमारें ८० किलोमीटरांवर पवनी येथें एकत्र नांदत आहेत. (भिवापूर म्हणजे तेंच, ज्याच्या मिरचीस भौगोलिक निर्देशांक मिळाला. या वाटेवरील तेवढें एक गांव आमच्या वर्गास ठाऊक असतें, तेंही जिभेमुळें.) पवनी हें भंडारा जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण. गांवास जुना तट, तटाबाहेर खंदक, नदीस दगडी घाट, आणि देवळें इतकीं कीं लोक त्यास विदर्भाची काशी म्हणतात. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं मिळून, शां. भा. देव व जगत्पति जोशी यांच्या देखरेखीखालीं येथें उत्खनन केलें. जगन्नाथ टेकडी व सुलेमान टेकडी या टेकाडांच्या पोटांतून स्तूप निघाले. कठड्याचे कोरीव खांब निघाले. त्यांवर ब्राह्मी लिपींत दान देणाऱ्यांचीं नांवें निघालीं. एका खांबावर बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग आहे. बोरोबुदुर ज्या काळीं उभारलें गेलें त्याच्या सुमारें हजार वर्षें आधींची ही गोष्ट आहे. पवनीस सांपडलेला रुपिअम्म नांवाच्या क्षत्रपाचा स्मारकस्तंभ आमच्या अजबबंगल्यांत आहे, आणि १८६३ सालीं स्थापन झालेल्या या अजबबंगल्यांत आमचीं मुलें पेंढा भरलेला वाघ पाहून परत येतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या माणसानें याच नागपुरांत बसून विदर्भाचे ताम्रपट व शिलालेख वाचण्यांत आयुष्य वेंचलें. त्यांच्या नांवाचा अभिमान बाळगणाऱ्या किती घरांतील माणसांनीं जगन्नाथ टेकडीवर पाय ठेवला आहे? "आपलेंच हो" हा उद्गार येथें खरोखर शोभला असता. पण येथें तो कोणी काढीत नाहीं, कारण येथें कोणी येतच नाहीं.

तथापि आमचा आजचा विषय स्तूप नव्हे. दगड दोन हजार वर्षें वाट पाहत राहिला, आणखी कांहीं वर्षें पाहील. माग वाट पाहूं शकत नाहीं.

पवनी, मोहाडीजवळचें आंधळगांव, नागभीड, आरमोरी या टापूंत कोष्टी लोक पिढ्यान्पिढ्या कोसा विणीत आले. कोसा हें रेशीम तुतीवरच्या पाळीव किड्याचें नव्हे, तें रानांतलें. भंडारा, चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलांत ऐन व अर्जुन या झाडांच्या पानांवर हे किडे सोडतात, आणि कावळ्यांपासून, मुंग्यांपासून, रानपांखरांपासून त्यांची राखण करीत माणसें झाडांखालीं दिवसचे दिवस काढतात. हें काम बहुतकरून ढीवर समाजाचें. पाण्यांत मासे धरणारे तेच, रानांत किडे राखणारेही तेच. कोश तयार झाला म्हणजे तो कठीण देंठानें फांदीस घट्ट लटकलेला असतो. तो उकळून मऊ करावयाचा आणि त्यांतून तार काढावयाची. ही तार काढण्याची जुनी रीत अशी कीं बाई उघड्या मांडीवर तळव्यानें धागा वळीत बसते; वर्षानुवर्षांच्या घासण्यानें मांडीची कातडी सोलवटते, काळवंडते. केंद्रीय रेशीम मंडळानें 'बुनियाद' नांवाचें साधें यंत्र काढून ही रीत बंद पाडण्याचा उद्योग चालविला आहे. आमच्या ओळखीच्या एका कलाप्रेमी गृहस्थांनीं यावर "म्हणजे त्यांतली मौज गेली" असा अभिप्राय दिला. मौज कोणाची? सहलीला गेलेल्या माणसाची दृष्टि अशी बिघडते ती पाहा. त्याला वस्त्र नको असतें, देखावा हवा असतो. आणि देखावा जितका जुना व जितका कष्टाचा तितका त्याच्या छायाचित्रांत चांगला उतरतो.

मांडीवरची तार जावो आणि यंत्र येवो. त्यानें कोसा बाटत नाहीं. कोशाचें खरें कौशल्य पुढें मागावर आहे. करवतकांठी लुगडें विणतांना एक धोटा पुरत नाहीं. अंगाचा धोटा निराळा व दोन कांठांचे दोन निराळे, असे तीन चालतात. अंगाचा मधासारख्या रंगाचा बाणा कांठापाशीं येऊन थबकतो, कांठाच्या बाण्याला मिठी घालतो आणि मागें फिरतो. कांठाचा बाणा कांठांतच ये-जा करतो. अंग व कांठ यांच्या सीमेवर करवतीचे दांते उमटतात, त्यावरून या लुगड्यास तें नांव. ताणा व बाणा दोन्ही एकाच रंगाचे असल्यामुळें असा कांठ भरदार, निर्भेळ रंगाचा दिसतो. यंत्रमागावर एकच धोटा या टोंकापासून त्या टोंकापर्यंत धांवतो. अंगाचा बाणा कांठांतूनही जातो, आणि लाल कांठ किंचित मळल्यासारखा, राखेचा हात फिरल्यासारखा होतो. हा भेद ओळखण्यास पदवी लागत नाहीं. कांठ उलटून उजेडांत धरला कीं पुरे. आमच्या आज्या तो दुकानाच्या पायरीवर बसून ओळखीत असत, आणि त्यांतल्या पुष्कळ जणींस सही करतां येत नव्हती. करवतकांठी वस्त्रास भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. परंतु निर्देशांकाची चिठ्ठी वाचणारे डोळे आणि कांठ वाचणारे डोळे निराळे. चिठ्ठी खोटी छापतां येते.

हे डोळे आमच्या वर्गानें कसे घालविले? १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली व तिनें हातमागाचा गळा घोटला, असें आम्ही वर्गांत शिकवितों आणि विद्यार्थी तें उत्तरपत्रिकेंत लिहितात. तें अर्धेंच खरें आहे. भोसल्यांच्या आश्रयानें वाढलेल्या या धंद्याचा जाडाभरडा भाग गिरणीनें खाल्ला. पण बारीक पोताचा, रेशीमकांठी माल हातमागाकडेच राहिला. गिरणीचेंच सूत विकत घेऊन उमरेडचे विणकर रेशीमकांठी धोतरें विणीत आणि तीं दूरदूर खपत. एम्प्रेस मिल २००२ सालीं कायमची बंद झाली. कोष्ट्याचा माग अजून कोठें कोठें खटखटतो आहे. तेव्हां मारेकरी गिरणी नव्हे. माग जेथें जेथें थांबला तेथें तेथें चौकशी करा. गिऱ्हाईक यावयाचें थांबलें असेंच उत्तर मिळेल, आणि तें गिऱ्हाईक आमच्या घरांतलें होतें.

आमच्या घरांत कोसा येई तो मुख्यतः सोवळ्यासाठीं. पूजेस बसणाऱ्या पुरुषाचा मुकटा, देवघरांत वावरणाऱ्या बाईचें लुगडें, मुंजीचें वस्त्र, हें सारें रेशमाचें असावयाचें व तें बहुधा जवळच्या कोष्ट्याकडचें असे. पुढें सोवळें गेलें. तें गेलें हें फार उत्तम झालें; एका माणसाच्या सावलीनें दुसरा विटाळतो या कल्पनेवर जो आचार उभा होता त्याच्यासाठीं अश्रु ढाळणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. परंतु सोवळ्याचा विचार टाकतांना सोवळ्याचें वस्त्रही आम्हीं टाकून दिलें, आणि त्या वस्त्रास दुसरा उपयोग शोधून दिला नाहीं. जावाच्या कारकुनानें राजवाड्याचें वस्त्र कचेरींत नेलें. आमच्या प्राध्यापकांस, वकिलांस, डॉक्टरांस कोशाचा सदरा शिवून कामावर जावें असें सुचलें नाहीं. सुचलें तें निवडणुकीस उभे राहणाऱ्यांस, आणि त्यांनीं तो असा कांहीं वापरला कीं आतां सभ्य माणूस तो घालावयास बिचकतो!

येथें आक्षेप घेतले जातील, व कांहीं आमच्यापुढें घेतले गेलेही आहेत. पहिला महागाईचा. हातमागाचें वस्त्र महाग पडतें, मध्यमवर्गानें तें कोठून घ्यावें? हा आक्षेप ज्या बैठकींत घेतला जातो त्याच बैठकींत लग्नाचा बस्ता फाडण्यासाठीं बनारसी, कांजीवरम आणि पैठणी यांच्या याद्या होत असतात. त्यांतल्या पुष्कळशा पैठण्या यंत्रमागावरच्या असतात, त्यांवर हातमागाचा भाव लागलेला असतो, आणि तो मुकाट्यानें दिला जातो. पैसा खर्च होतच आहे. तो आंधळेपणानें होतो एवढेंच. गरिबानें स्वस्त यंत्रमागाचें कापड घ्यावें यांत कांहीं वावगें नाहीं, आणि त्यास उपदेश करण्यासाठीं आम्ही लेखणी उचललेली नाहीं. ज्यांच्या घरांतून जावाला चौघांचीं तिकिटें निघतात त्यांच्याशींच आमचें भाषण आहे.

दुसरा आक्षेप, प्रवासी आले तर कारागिरास चार पैसे मिळतात. अर्ध्या तासांत येऊन गेलेला प्रवासी हातरुमाल घेतो, फार तर एक पिशवी. त्यासाठीं विणकर लवकरच हातरुमाल व पिशव्या करूं लागतो आणि तीन धोट्यांचें काम घरांतला म्हातारा मेला कीं संपतें. आंभोऱ्यास, जेथें वैनगंगेस कन्हान व इतर नद्या मिळतात, तेथें २०२४ सालीं नवा झुलता पूल झाला व त्यावर उंच सज्जा बांधला आहे. मराठीचा आद्य कवि मुकुंदराज यानें 'विवेकसिंधु' तेथें रचला असें मानणारा एक पक्ष आहे. आतां दर रविवारीं तेथें आमच्या शहराची रीघ लागते. सज्जावरून पाणी पाहतात, छायाचित्रें काढतात, वडे खाऊन परततात. या रविवारच्या गर्दीनें भंडारा जिल्ह्यांतील कोणत्या मागास सुताची कांडी मिळवून दिली, हें आम्हांस कोणी दाखवून द्यावें.

तिसरा आक्षेप आमच्या वर्गाचा लाडका: हें सरकारचें काम आहे. सरकारनें १९८५ सालीं हातमागासाठीं कांहीं वस्त्रप्रकार राखून ठेवणारा कायदा केला. यंत्रमागवाले तो उघड्यावर मोडतात आणि मोडलेला माल घेतों आम्ही. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा हातमागाचा दिवस म्हणून साजरा होतो. २०२० सालीं अखिल भारतीय हातमाग मंडळ मोडीत निघालें. २०१९-२० च्या हातमाग गणनेंत देशांत ३५ लाखांवर लोक या धंद्यांत असल्याचें आढळलें, व त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश कुटुंबांची महिन्याची कमाई पांच हजारांच्या आंत होती. दिवस, गणना, मंडळ, कायदा, सर्व कांहीं झालें. सरकारनें कांहीं करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पण सरकार लुगडें नेसत नाहीं. वर्ध्यास मगन संग्रहालय १९३८ सालीं गांधीजींनीं उघडलें तें खेड्यांतील वस्तु लोकांनीं वापराव्या म्हणून. आमचा वर्ग तेथेंही जातो, पाटीवरील मजकूर वाचतो, आणि बाहेर आल्यावर घड्याळ पाहतो.

चौथा आक्षेप मात्र आम्हांस खरोखर भारी वाटतो. विणकराचीं मुलें कॉलेजांत आमच्यापुढें बसतात. त्यांनीं शिकून दुसरे उद्योग करावे कीं आमच्या हौशीखातर खड्ड्यांत पाय सोडून मागावर बसावें? याचें उत्तर आम्ही स्पष्ट देतों. त्यांनीं शिकावें, व वाटेल तो उद्योग करावा. बापाचा धंदा मुलानें केलाच पाहिजे हें ज्या समाजरचनेचें सूत्र होतें तिचें पुनरुज्जीवन आम्हांस नको आहे. परंतु आज तो मुलगा माग सोडतो तो निवड करून नव्हे. पांच हजारांत घर चालत नाहीं म्हणून सोडतो. आमच्या मुलास वकिली व डॉक्टरी यांमध्यें निवड करतां येते, कारण दोहोंत पोट भरतें. त्याच्यापुढेंही माग आणि कचेरी अशा दोन पोट भरणाऱ्या वाटा असूं द्या, मग तो कोणती धरतो तें त्याचें त्यास ठरवूं द्या. शिकलेला विणकर मागावर परत बसला तर तो आपल्या कामाचा भाव अधिक चांगला सांगेल; दलालांस तें रुचणार नाहीं, आम्हांस रुचावें. ज्यास "वारसा जपा" म्हणावयाचें त्यासच त्याच्या घामाचा भाव पाडून मागावयाचा, हा आमच्या वर्गाचा नित्याचा व्यवहार आहे, आणि त्या विणकराचा मुलगा तो व्यवहार दारामागून ऐकत मोठा होतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पवनीकडे आम्ही जात नसलों तरी आमच्या घरांतून एक वस्तु तिकडे रोज जाते. आमच्या नाग नदींत शहराचें सांडपाणी सोडलें जातें. नाग कन्हानास मिळते, कन्हान वैनगंगेस. आणि तें पाणी गोसेखुर्दच्या जलाशयांत सांचतें. या धरणाचा पायाभरणीचा दगड १९८८ सालीं बसला. धरणाच्या खालच्या अंगास पवनीचे घाट आहेत. ज्या ढीवरांनीं या पाण्यावर पोट भरावयाचें व ज्यांच्या बायकापोरांनीं या कांठीं कोश उकळावयाचे, त्यांच्यापर्यंत आमच्या नळाचें पाणी अशा रूपानें पोंचतें. परांगत्रितिसच्या पुळणीवर कागदाचा कपटा दिसला तर "काय हे लोक!" म्हणणाऱ्या आमच्या भगिनींनीं आपल्या न्हाणीघराची मोरी कोठवर जाते याचा एकदां नकाशा काढून पाहावा.

आतां काय करावें, असें विचारणारे कांहीं वाचक असतीलच, व त्यांस मोघम उत्तर देणें आम्हांस आवडत नाहीं. इतिहासाच्या अध्यापकांनीं आपले वर्ग पवनीस न्यावे, परंतु एका दिवसाकरितां नव्हे. एक मुक्काम करावा. पहिला दिवस टेकड्यांवर व घाटांवर, दुसरा पूर्ण दिवस एकाच मागापाशीं. दहा घरें पाहूं नयेत. ताणा कसा लावतात, फणींतून तार कशी ओवतात, दिवसांत किती वीत कापड उतरतें, सुताचे पैसे कोण घालतो, तयार माल कोणाच्या हातीं जातो, हें मुलांनीं विचारून लिहून काढावें. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील दोन प्रकरणें त्यांत आपोआप होतील. ज्या घरांत लग्न ठरलें असेल त्या घरांतील बायकांनीं बस्त्याच्या यादींतील एक, अवघें एक, लुगडें विणकराच्या घरीं जाऊन सांगून विणवावें. दुकानांतूनच घ्यावयाचें असेल तर कांठ उलटून उजेडांत धरावा आणि दुकानदारानें "बाई, सगळें सारखेंच असतें" म्हटलें तर उठून यावें. दोन-चार दुकानांतून असें उठून आल्यावर दुकानदारही मागाचा पत्ता शोधूं लागतो. तो व्यापारी आहे, आमचा वैरी नव्हे.

सांगून विणवितांना निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, कारण कोश व सूत यांस विणकरास रोकड लागते आणि ती त्याच्यापाशीं नसली तर तो ती दलालाकडून काढतो, मग लुगडें आपलें न राहतां दलालाचें होतें. किनारीचा रंग त्याच्यापाशीं बसून ठरवावा. अंगाचा रंग ठरवूं नये, तो किड्यानें ठरविलेला असतो. दोन लुगड्यांच्या छटेंत किंचित फरक येईल, त्याबद्दल तक्रार करूं नये. आणि घाई करूं नये. तीन धोट्यांचें काम पंचांग पाहून धांवत नाहीं. लग्न वैशाखांत असेल तर पवनीची फेरी मार्गशीर्षांतच व्हावयास हवी.